वसीलाचा एकच पासवर्ड

सफाक्स शहराच्या जुन्या तटाला लागून जी दुकानं आहेत, त्यांतल्या अकरा दुकानांचे कॉम्प्युटर वसीला सांभाळायची. आधी ती एका कापड गिरणीच्या कचेरीत होती. गिरणी बंद पडली तेव्हा घरी बसून कपाळाला हात लावण्यापेक्षा तिनं पिशवीत स्क्रूड्रायव्हर नि वायरी टाकल्या आणि दुकानोदुकानी हिंडायला लागली. सुरुवातीला लोक तिच्या मागं बघायचे, मिस्त्री कुठं राहिला म्हणून. पुढं बदामाच्या मिठाईवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं तिच्यावाचून अडायला लागलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अंगानं किरकोळ, जिभेनं फटकळ. कुणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला दिसला, की ती चिठ्ठी काढून त्याच्याच चहाच्या पेल्यात बुडवायची.

या अकरांतला तिचा सगळ्यात लाडका म्हातारा म्हणजे हाज तिजानी. तो बूट करायचा, पण बाजारात मिळतात तसले नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच जन्मापासून वाकडी, कुणाच्या तळव्याला साखरेच्या आजारानं जखम. अशा प्रत्येकाच्या पायाचं माप घेऊन तो बूट बांधायचा. दोन हजारांवर माणसांची मापं, फोटो, नकाशे आता कॉम्प्युटरमध्ये होते. ते भरायचं काम सुआदकडे. सुआद पन्नाशीची, भित्री, हाजच्या हाताखाली वीस वर्षं काढलेली.

सोमवारी सकाळी सुआदचा फोन आला. तिला धड बोलवतही नव्हतं.

वसीला पोचली तेव्हा स्क्रीनवर लाल अक्षरं होती. सगळ्या फायली कुलूपबंद केल्यात, सोडवायच्या असतील तर पैसे पाठवा. एक फाईल उघडेल तर शपथ. सुआद स्टुलावर बसून डोक्यावरच्या रुमालाचं टोक चावत होती.

"माझ्यामुळंच झालं गं. परवा एक मेल उघडला होता मी. बूट दाखवतो म्हणाला कुणीतरी..."

"थांब, बघू दे," वसीला म्हणाली.

तिनं आधी मशीनची इंटरनेटची तार काढली, मग कुणी कधी आत शिरलं त्याची नोंद तपासायला बसली. सुआदच्या मेलमध्ये काही नव्हतं, नुसती जाहिरात होती. चोर आला होता तो वेगळ्याच दारानं. आईच्या आजारपणात घरून मशीन बघता यावं म्हणून वसीलानं स्वतःसाठी एक वाट उघडी ठेवली होती, तिथून. आणि कुलूप न तोडता, सरळ किल्ली लावून. वसीलाचं नाव, वसीलाचा पासवर्ड. मिठाईवाल्याकडे तोच, डॉक्टरकडे तोच, अकराही ठिकाणी तोच. अकरा कोण लक्षात ठेवणार?

ती नोंद वाचता येणारं दुकानात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. हाजला स्क्रीनवरचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि सुआदनं तर दोष आधीच पदरात घेतला होता. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. वसीलाच्या मनात ते आलं, नाही असं नाही. चांगली पाच मिनिटं ती पडद्याकडे बघत बसली. तेवढ्यात मागून हाजचा आवाज आला, "सुआद, रडणं बंद कर. उद्यापासून मशीनला हात लावू नकोस, झालं."

"हाज," वसीला उठून उभी राहिली, "तिचं काही चुकलं नाही. माझं चुकलं." आणि तिनं सगळं सांगितलं.

हाजनं हातातली आरी खाली ठेवली. "आठ वर्षं माझं डोकं खाल्लंस. हाज, पासवर्ड साधा ठेवू नका, हाज, सगळीकडे एकच ठेवू नका. आणि तू स्वतः काय केलंस?"

"एकच ठेवला."

"वा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान." त्यानं मशीनकडे बोट केलं. "माझी कॉपी आहे का, ते सांग."

कॉपी होती. दर गुरुवारी ती वेगळ्या डिस्कवर सगळं उतरवून, डिस्क काढून कपाटात ठेवायची. पण मागचे दोन गुरुवार आई दवाखान्यात होती. मधल्या दिवसांतल्या एकोणीस माणसांची मापं गेली होती.

"आज तू जा," हाज म्हणाला. "आज मला तुझं तोंड बघवत नाही."

ती गेली, पण घरी नाही. उरलेल्या दहा दुकानांत गेली. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणायचं, पासवर्ड माझा, चूक माझी. मसालेवाला हसला, "म्हणजे तूपण माणूसच आहेस तर!" मिठाईवाल्यानं आधी पाणी दिलं, मग बोल लावले. दातांच्या डॉक्टरनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "किल्ल्या ठेवा नि या." आणखी दोघांनी तसंच केलं. बाकी सात ठिकाणी तिनं घरून यायची वाट कायमची बंद केली, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा केला, वर फोनवर येणाऱ्या आकड्याचं दुसरं कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी हाजकडे मशीन पुसून कॉपी चढवली. हाज कामात मान घालून राहिला, पण जेवायच्या वेळी माशाचा कुसकुस तिच्याहीपुढं सरकवला. सुआदनं फोनवरून एकोणीस जणांना शोधून काढलं. अठरा जण परत माप द्यायला आले, कुणी कुरकुरत, कुणी हसत. एक राहिली. केर्केना बेटावरची मबरुका. एक पाय चार बोटं आखूड. बोटीनं दोनदा येऊन गेलेली, तिसऱ्यांदा जमणार नाही म्हणाली.

"मग आपण जाऊ," हाज म्हणाला. "वसीला, पट्टी तू धरायचीस. माझी कंबर वाकत नाही."

मबरुका अंगणात ऑक्टोपस वाळत घालत होती. खुर्चीवर बसून तिनं पाय पुढं केला.

"माझा पाय हरवला तरी कुणी?"

हाजनं समुद्राकडे बघितलं.

"मी," वसीला म्हणाली.

"तू होय? बघ बाई, पन्नास वर्षं मी ओढतेय तो, कधी हरवला नाही." मबरुका खो खो हसली. "धर आता नीट. गुदगुल्या करू नकोस."

वसीलानं गुडघे टेकून माप घेतलं. टाच, घोटा, बोटांचा घेर. आठ वर्षं तिनं हे आकडे सांभाळले होते, पण पाय असा हातात पहिल्यांदाच आला होता. टाचेवर दगडासारखा घट्टा होता. जुन्या बुटानं केलेला.

दातांच्या डॉक्टरनं काही तिला परत कामाला बोलावलं नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवतो, तीही हलवते. सफाक्समध्ये आता बऱ्याच जणांना तिची ती गोष्ट माहीत आहे. नवीन दुकानदार बोलावतो तेव्हा कधीकधी मुद्दाम विचारतो, "ती एकच पासवर्डवाली बाई म्हणजे तूच ना?"

"मीच," ती म्हणते आणि पिशवी उघडते.