लेक ठेवल्याचा गुन्हा

कचऱ्याचा डबा अंधार पडायच्या आत गॅरेजमध्ये गेला नाही की आमच्याकडे पत्र येतं. गवत जरा वाढलं की पत्र. आमचा दिवाळीचा आकाशकंदील देवदिवाळीनंतर चार दिवस राहिला, तर पत्र. आणि समोरच्या आजोबांचे ख्रिसमसचे दिवे फेब्रुवारीपर्यंत लुकलुकत होते, त्यांना कुणी काही म्हणालं नाही. मी म्हणाले. मेलबॉक्सपाशी उभी राहून चांगली मोठ्यांदा म्हणाले. रागीट बाई म्हणून माझी ख्याती तेव्हापासूनची.

अमेरिकेतल्या फ्रिस्को शहराच्या उत्तरेला ही वसाहत आहे, पंचावन्नच्या पुढच्यांसाठी. हे रिटायर झाले, आम्ही मोठं घर विकलं आणि दोघं इथे आलो. एका मजल्याची घरं, जिने नाहीत, तळं, क्लबहाउस. एचओए, म्हणजे आपल्याकडची सोसायटी, तिचं बोर्ड आपल्यातल्याच शेजाऱ्यांचं, निवडून दिलेलं. कुणी कुणाची तक्रार केली की बोर्डापुढे सुनावणी होते. तक्रार करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. पंचावन्नच्या आतल्या कुणी इथे कायम राहायचं नाही, शाळकरी मूल तर नाहीच नाही. पाहुणे म्हणून थोडे दिवस चालतात. जास्त हवे असतील तर बोर्डाला विचारायचं. घर घेताना हे सगळं वाचूनच आम्ही सह्या केल्या. सत्तरीला टेकलेल्या माणसाला वाटतं, आता आपल्याकडे राहायला कोण येतंय!

मी जन्मभर लायब्ररीत नोकरी केली. रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून एक काम अंगावर घेतलं. इंग्लंडमधल्या एका बाजारपेठेच्या गावाचे सतराव्या शतकातले कोर्टाचे कागद कुणी तरी स्कॅन करून ठेवलेत. ते वाकडंतिकडं अक्षर लावायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचं. फुकट. ह्यांच्या भाषेत लष्कराच्या भाकऱ्या. पण मला वेडच लागलं त्याचं. खून-दरोडे नाहीत तिथे. कुणी डुक्कर मोकळं सोडलं, कुणी दारात उकिरडा केला, पाववाल्याचा पाव वजनाला कमी भरला, दोन बायकांनी विहिरीवर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, एकीने परवाना न काढता घरची बिअर विकली. आणि फिर्यादी कोण? गावातलेच खाटीक, चांभार, कापडवाले. शपथ घेऊन बसायचे आणि शेजाऱ्यांचे गुन्हे एकेक करून सांगायचे. एका वर्षी उकिरड्याबद्दल दंड ठोकणारा गृहस्थ पुढच्या वर्षी स्वतःच उकिरड्यापायी पकडलेला असायचा. मी एकटी खोलीत बसून खो-खो हसायचे.

हे सगळं मी रोज सकाळी फिरताना मैत्रिणीला सांगायचे. ती आमच्या मागच्या गल्लीतली, नागपूरची, माझ्याहून थोडी लहान. मला ताई म्हणायची, ह्यांना भाऊजी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बोर्डावर निवडून आलेली एकटी देशी बाई ती, आणि त्याचा मलाच केवढा अभिमान! तळ्याभोवती चालताना आमच्या सुना-जावयांपासून ते चकलीच्या भाजणीपर्यंत सगळं बोलून व्हायचं. एकदा मी सांगितलं, की आज एका विधवेचा कागद निघाला. तिला दंड झाला, का, तर नवऱ्याने टाकलेली लेक तिने घरात ठेवून घेतली. गावाला भीती, की उद्या ही आणि हिचं पोर आपल्या माथी पडेल, आपल्याला पोसावं लागेल. मैत्रीण चालता चालता थांबली. "सख्ख्या लेकीला ठेवलं म्हणून दंड? काय मेले लोक तरी, ताई!" तिचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. अशी हळवी म्हणून तर मी तिला जीव लावला होता.

पुढच्याच ऑगस्टमध्ये आमची लेक आली. दुसऱ्या राज्यातल्या क्युपर्टिनोहून, दोन सुटकेसी आणि सहा वर्षांची नात घेऊन. लग्न मोडलं होतं. तिकडच्या घरातली भांडणं ऐकून ऐकून नात बोलेनाशी झाली होती; काही विचारलं की आईच्या ओढणीत तोंड खुपसायची. जावयाशी वकिलांमार्फत एवढं ठरलं होतं, की जूनपर्यंत, म्हणजे शाळेचं वर्ष संपेपर्यंत, पोरगी आजी-आजोबांकडे राहील. पण एकाच पत्त्यावर, एकाच शाळेत. पत्ता हलला, तर तिने परत बापाकडे जायचं. तोवर लेकीला नोकरी शोधून पायांवर उभं राहायचं होतं. सगळं आमच्या ह्या छोट्या घरावर येऊन थांबलं होतं.

त्या संध्याकाळी मैत्रीण पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली, आमच्याबरोबरच जेवायला बसली. लेक मान खाली घालून म्हणाली, "बाबा, आय विल फाइंड समथिंग सून. थोडे दिवस गेस्ट रूम वापरते." ह्यांनी हातातला घास खाली ठेवला. "पाहुण्यासारखं बोललीस तर बघ. हे घर तुझं आहे. लेक कधी पाहुणी असते का?" लेक रडली, मी रडले, मैत्रीणही पदर नसताना हाताने डोळे पुसत होती. मग ह्यांनीच सगळ्यांना दटावून जेवायला लावलं.

मी दुसऱ्या दिवशी बोर्डाला अर्ज करणार होते. रागीट असले तरी नियमाची माणूस आहे मी. मैत्रीण म्हणाली, "काही अर्जबिर्ज करू नका, ताई. अर्ज गेला की सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं. मी आहे ना बोर्डावर! माझ्यावर सोडा." सोडलं. आपल्या माणसाने 'माझ्यावर सोडा' म्हटलं की आपण सोडतो. वर 'ते जरा ईमेलवर कळव' म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही, अपमान होतो समोरच्याचा. इतकी वर्षं अमेरिकेत काढून ही अक्कल काही आली नाही मला. नातीचं नाव घालायला ती आमच्याबरोबर शाळेत आली. दप्तरही तिनेच घेऊन दिलं, पाठीवर युनिकॉर्नचं चित्र असलेलं.

नात हळूहळू मोकळी झाली. शाळेची बस वसाहतीच्या फाटकाबाहेर थांबायची, तिथून घरापर्यंत ती माझं बोट धरून अखंड बडबडत यायची. मी मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं. एक दिवस आपणहून म्हणाली, "आजी, आय लाइक इट हिअर. नोबडी येल्स." मी रागीट बाई, पण ती आल्यापासून घरात आवाज चढवला नव्हता.

ऑक्टोबरात पत्र आलं. वयाच्या नियमाचा भंग, सुनावणीला हजर राहा. मी मैत्रिणीला फोन लावला. "अहो, फॉर्मॅलिटी आहे," ती म्हणाली. "प्रेसिडेंट भला माणूस आहे. या तुम्ही निवांत." लेकीने आम्हाला दोघांना बसवून पढवलं, "आई, बाबा, जस्ट से आयम अ गेस्ट. जूनपर्यंत राहणार, बस. एवढा एकच शब्द." ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

क्लबहाउसमध्ये लांब टेबल, एका बाजूला बोर्ड, समोर आम्ही दोघं. मैत्रीण टोकाला बसली होती, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. प्रेसिडेंटने तक्रार काय आहे ते सांगायला सुरुवात केली. मुलगी नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. नातीला इथल्या शाळेत घातलंय. वडिलांशी जूनपर्यंतचा करार आहे आणि त्यात पत्ता हाच दिलाय. शाळेचं दप्तर कुणालाही दिसेल. पण तो करार? तो आमच्या घरातल्यांना ठाऊक होता, वकिलांना, आणि तळ्याभोवती माझ्याबरोबर चालणाऱ्या एका बाईला. मी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं.

प्रेसिडेंट मात्र खरंच भला निघाला. म्हणाला, पाहुण्यांची मुदत वाढवायचा बोर्डाला अधिकार आहे; मुलगी पाहुणी असेल, तर जूनपर्यंत वाढवून द्यायला त्याची हरकत नाही. बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी जीव एकवटून म्हटलं, हो, पाहुणीच आहे. सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात मैत्रिणीने हात वर केला. तिने मला विचारलंच नाही. ती ह्यांच्याकडे वळली आणि मऊ आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "सर, तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमची मुलगी तुमची पाहुणी आहे, की हे तिचं घर आहे?"

सर! भाऊजी नाही, सर. पिठलं-भाकरीच्या रात्री ती तिथे होती. ह्या माणसाच्या तोंडून काय येणार, हे जगात आम्हा मायलेकींना सोडून फक्त तिलाच ठाऊक होतं. मी टेबलाखालून ह्यांच्या गुडघ्याला चिमटा काढला. ह्यांनी माझा हात बाजूला केला, ताठ बसले आणि म्हणाले, "ती माझी मुलगी आहे. पाहुणी नाही. माझं घर ते तिचं घर."

संपलं. प्रेसिडेंटने खाली बघितलं. म्हणाला, आता माझे हात बांधलेले आहेत. महिनाअखेरपर्यंत मुलीने आणि नातीने दुसरीकडे जायचं. ह्यांना कळलंच नाही आपण काय करून बसलो ते. गाडीत बसल्यावर कळलं, तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकून हा माणूस हुंदके देऊन रडला. मला त्यांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, कुठे तरी काढता आला असता. लेकीने घरी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "इट्स ओके, बाबा." मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

वकिलाने सांगितलं, पत्ता हलला की जावई ऐकणार नाही. नाहीच ऐकलं त्याने. आम्ही वसाहतीबाहेर घर घ्यायलाही तयार झालो, पण तो पत्ता नवा, शाळाही बदलणार, आणि करार म्हणजे करार. नात क्युपर्टिनोला परत जाणार, आणि ती जिथे तिथे तिची आई. त्या दिवसांत मी इंग्लंडच्या कागदांना हात लावला नाही. त्या खाटकांना, चांभारांना मी हसत होते, पण त्यांनी निदान शपथ घेऊन, चारचौघांत, आपल्या तोंडाने सांगितलं होतं. आमच्याकडे कुंपणाने शेत खाल्लं आणि वर विचारलं, कशी आहात ताई?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली. ती. फिरायचे बूट घालून आलेली. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "का केलंस?" एवढंच. मला वाटलं, नियमाचं काही तरी सांगेल. तिचा चेहरा असा सुकलेला होता की क्षणभर मी ओळखलंच नाही.

"मागच्या वर्षी माझ्या मुलाची नोकरी गेली होती, ताई," ती म्हणाली. "बायको-मुलाला घेऊन सहा महिने राहू दे म्हणाला. मी बोर्डावर. मी नाही म्हटलं, नियम आहे म्हटलं. त्याने परत फोन केला नाही मला. अजून नाही. तुमचं मी लपवणारच होते, देवाशपथ. पण तुमची नात रोज दप्तर घेऊन माझ्या खिडकीवरून जायची. ती इथे राहू शकते, तर मग मी माझ्या मुलाला दारातून परत का पाठवलं?"

ती रडत होती. मला तिची कीव यायला हवी होती. पूर्वी आली असती, आत घेतलं असतं, चहा टाकला असता. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि आत काहीच हललं नाही. मग मी दार लावलं. हळूच लावलं, आपटलंसुद्धा नाही.

आत लेक सुटकेसवर गुडघा दाबून चेन ओढत होती. नात शेजारी गप्प बसली होती, ओढणीचं टोक तोंडात. "कोण होतं गं?" लेकीने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं, आणि सुटकेसच्या दुसऱ्या बाजूला बसले.