सहा सेकंदांची शांतता

सीव रूसबेक सव्वीस वर्षं एकाच कॅमेऱ्यामागे उभी होती. बोथनियाच्या आखाताकाठच्या या टोमॅटो पिकवणाऱ्या गावांचं दूरचित्रवाणी केंद्र पूर्वी सगळ्यांचं होतं. घरटी वर्गणी आणि पालिकेचं अनुदान, यांवर चालायचं. पालिकेची सभा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दिसे. बोलता बोलता माणूस थांबला, तरी सीव त्याचा चेहरा सोडत नसे. विचारल्याबरोबर उत्तर देणाऱ्याला इकडे उथळ समजतात. उत्तर आतून वर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरोघरी लोक कॉफी ओतत बघत बसत.

मग अनुदान बंद झालं आणि केंद्र एका कंपनीने घेतलं. नवा व्यवस्थापक केनेट इथलाच, पण दहा वर्षं राजधानीत राहून आलेला. त्याने एक यंत्र बसवलं. सहा सेकंद आवाज आला नाही, की ते आपोआप जाहिरात लावी.

"शांतता झाली की लोक चॅनेल बदलतात, सीव."

"सहा सेकंदांत आपल्याकडे माणूस घसासुद्धा खाकरत नाही."

"मग तू खाकर त्यांच्या वतीने!" केनेट हसला. सीव हसली नाही.

पालिकेच्या नोव्हेंबरच्या सभेत स्टोरनेस गावची शाळा ठेवायची की बंद करायची, ते ठरणार होतं. चौदा मुलं. सीवची बहीण अलीस तिथे स्वयंपाक करायची. बाकीची मतं समसमान पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. निकाल ठरवायला उरला होता रूनार इंग्वेस, अख्ख्या सभागृहातला सगळ्यांत सावकाश माणूस.

सकाळीच अलीसचा फोन आला. "तुझ्या त्या यंत्राने रूनारचं तोंड दाबलं ना, तर माझ्या दारात येऊ नकोस."

"माझं यंत्र?"

"मग कुणाचं? तिथे तूच उभी असतेस ना?"

सभेत अध्यक्षबाईंनी नाव पुकारलं. रूनारने माईक जवळ ओढला आणि टेबलाकडे पाहत राहिला. सीव मनात मोजू लागली. पाचव्या सेकंदाला ती खोकली. पडद्यावर रूनारच होता. आणखी पाच. ती पुन्हा खोकली, जरा जोरात.

"अरे, तिला पाणी द्या कुणीतरी," मागून आवाज आला. हशा पिकला.

तिसऱ्या खोकल्याला रूनारने मान वर केली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "शाळा बंद करण्याच्या बाजूने," एवढंच म्हणून त्याने माईक दूर ढकलला.

सभा संपल्यावर केनेटने तिचा खांदा थोपटला. "एकही जाहिरात मध्ये आली नाही. जमलं की तुला!"

रूनार खुंटीवरचा कोट काढत होता. सीव त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"लोकांना तू दिसावास म्हणून खोकले मी. नाहीतर तुझ्या जागी जाहिरातीतले रंगाचे डबे दिसले असते."

"दिसू द्यायचे. जुळत आलं होतं माझं."

"काय जुळत आलं होतं? शाळा ठेवा म्हणणार होतास?"

"जुळलं असतं तर मलाही कळलं असतं. तू खोकलीस आणि सगळं विस्कटलं. मग पक्षाने कागदावर लिहून दिलं होतं ते वाचलं." तो गेला.

सीवच्या खिशात फोन थरथरला. अलीस होती.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुझ्या खोकल्यासकट शब्दन् शब्द ऐकू आला."