वाडीच्या बातम्या

संयोगिता मोहिते कडेगावच्या उसाच्या रानात वाढलेली. तिची पहिली नेमणूक झाली ती म्हसवडच्या पलीकडं, उघड्या माळावरच्या धनगरवाडीतल्या शाळेत. पोरं वर्गात यायची, पण वाचायला उठवलं की माना खाली घालायची. सहावीतली रेश्मा तर हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे, नुसता हात वर करायची.

संयोगितानं मग दर शनिवारी भोंग्यावरून वाडीच्या बातम्या द्यायचं ठरवलं. देवळाचा आणि पाण्याच्या टाकीचा कारभार हरिबा आबांकडं होता. त्यांनी मोठ्या हौसेनं देवळातला जुना भोंगा आणून शाळेपुढच्या लिंबावर बांधून दिला. बातमी पोरांनी शोधायची, स्वतः लिहायची आणि स्वतः वाचायची, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही, एवढाच नियम. कुणाच्या शेळीला जुळी करडं झाली, कोण फौजेतून सुट्टीवर आलं, असलं काहीबाही असायचं. पण आपलं नाव भोंग्यावर नीट यावं म्हणून आयाबाया पोरांना घरी वाचायला बसवू लागल्या. तानुबाईचं नाव चुकलं, तर ती थेट वर्गात येऊन भांडून गेली. शुक्रवारी शाळा सुटली तरी पोरं घरी न जाता उद्याच्या बातम्या लिहीत बसायची.

रेश्मा मात्र गप्पच होती. श्रावणात एका आठवड्याला निम्मा वर्ग जुलाबानं घरी पडला. त्याच शनिवारी तिनं एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. अक्षर वेडंवाकडं होतं. 'टाकीला झाकण नाही. आत कबुतर मरून पडलंय. मी शेरडं घेऊन गेल्ते तवा बघितलं.'

संयोगितानं चिठ्ठी दोनदा वाचली. मोठ्या पोरांवर वर्ग सोपवून ती टेकाडावर गेली आणि टाकीची शिडी चढली. वरून वाकून बघितलं. एक नव्हे, दोन होती, फुगलेली. तेच पाणी सकाळी नळाला आलं होतं.

ती खाली उतरेपर्यंत कुणीतरी आबांच्या कानावर घातलं होतं. ते शाळेच्या दारात उभे होते. आवाज चढलेला नव्हता. उलट फार हळू बोलत होते.

"मॅडम, आज सांजपातूर मी टाकी धुवून घेतो. पन ही भोंग्यावर न्हाई यायचं. माज्या नावाचा बोभाटा हुईल."

"आबा, लोक आता पाणी पितायत. संध्याकाळपर्यंत कसं थांबायचं?"

"भोंगा मी दिलाय," आबा म्हणाले. "आन तुमची बदली कुटं करायची त्येबी मला ठावं हाय."

त्यांनी लिंबाजवळ जाऊन वायर उपटली आणि भोंगा उतरवून खांद्यावर टाकला. सगळी पोरं खिडकीतून बघत होती. संयोगिताच्या मनात आलं, बदली झाली तर दूर कुठंतरी जावं लागेल. पण मागून रेश्मा आली, तिनं टेबलावरची चिठ्ठी उचलली आणि विचारलं, "मॅडम, भोंग्याबिगार वाचली तर चालंल न्हवं?"

वर्षभरात तिचं एवढं लांब वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

संयोगिता काही बोलायच्या आत ती आबांच्या समोरून बाहेर पडली. पहिलं घर तानुबाईचं होतं. दारात उभं राहून रेश्मानं चिठ्ठी वाचली, 'झाकण'वर अडखळली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग पुढचं घर. तिच्यामागं सगळा वर्ग निघाला आणि शेवटी संयोगिताही. आबा भोंगा घेऊन तिथंच उभे राहिले. कुणी भरलेली घागर अंगणात ओतली, कुणी चुलीवर पाणी उकळत ठेवलं. रेश्माची आजी धोंडुबाई नातीचा आवाज ऐकून चौकटीला धरून उभी राहिली, तिला बातमी कळली की नाही कोण जाणे.

टाकी दुपारीच रिकामी झाली, झाकणही बसलं. पण भोंगा परत आला नाही. संयोगितावर तक्रार झाली, 'अभ्यास सोडून पोरांना गावात हिंडवते' अशी. तिला तालुक्याला बोलावून खुलासा लिहून घेतला गेला. त्यावर अजून निर्णय नाही. आबांच्या भावकीतल्या काही पोरांची नावं म्हसवडच्या शाळेत गेली, आणि वर्गातल्या त्यांच्या जागा अजून रिकाम्याच आहेत.

बदलीचा आदेश कधीही हातात पडेल, हे तिला ठाऊक आहे. तरी शनिवार उजाडला की पोरं कागद घेऊन वाडीत शिरतात. पुढच्या घरी कोण वाचणार यावरून त्यांची भांडणं होतात, आणि ती सोडवायचं काम रेश्माकडं असतं. ती आता मोठ्यानं ओरडते.