शिष्यवृत्तीचं तिसरं वर्ष

वर्ध्यात तीस वर्षं रशियन शिकवणारे आमचे सर गेले, आणि जाताना आपली बचत जिल्ह्यातल्या रशियन शिकणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्ती म्हणून ठेवून गेले. अर्ज बघायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांचा जुना विद्यार्थी. आता त्यांचाच वर्ग मी घेतो.

पहिल्या वर्षी एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. समितीतले लोक म्हणाले, रशियन आता कोण शिकतं? जपानीला द्या, मुलांच्या कामी तरी येईल. त्यांचंही चूक नव्हतं. माझ्या वर्गात चारच जण होते, तेही नोकरी सांभाळून हौसेनं येणारे. मी आणखी एक वर्ष मागून घेतलं आणि वर्षभर काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, घरासमोरून जायचं टाळलं.

तिसऱ्या वर्षी अगदी शेवटच्या दिवशी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. समुद्रपूरकडची.

"सर, मी याच्या आंधी दोनदा येऊन वापस गेली."

"काऊन?"

"मी सरांच्या वर्गात चारच महिने होती. मंग माय बिमार पडली. मले कोन देईन, असं वाटलं."

"मग पुढचं शिकलीस कुठे?"

तिनं पिशवीतून तीन वह्या काढल्या. अक्षर सरांचं. ती वर्गात येईनाशी झाल्यावर त्यांनी तिच्या गावी पाठवलेल्या. रशियन शब्द, शेजारी देवनागरीत उच्चार, आणि अर्थ चक्क वऱ्हाडीत! वर्गात प्रमाण मराठी सोडून एक शब्द न बोलणारा हा माणूस. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी तसाच तिला काकूंकडे घेऊन गेलो. काकूंना रशियन येत नाही, पण पुढच्या खोलीतली शिकवणी त्यांनी वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेली. मुलगी वाचू लागली, अडखळली, पुन्हा वाचू लागली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

"चुकली का रे?" त्यांनी मला विचारलं.

"दोन ठिकाणी."

"तू तर पहिल्या वर्षी सगळंच चुकत होता," त्या म्हणाल्या, आणि सर गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

समितीनं अर्ज मंजूर केला. मुलगी पुढचं रशियन शिकायला दिल्लीला गेली. परवा मी बाजारात वांगी निवडत असताना तिचा फोन आला.

"सर, पयल्याच तासाले मले सगळं समजलं! मी उगाच भेऊन राह्यली होती."

"मीपण," मी म्हणालो.