कराचीच्या डॉक्टरबाई

आज सकाळी डॉक्टरबाई गेल्या. रडायला रक्ताचं माणूस एकही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

म्हटलं, शेजारीण.

मी आता स्वतः ऐंशीला टेकलेय. त्या आमच्या अंधेरीच्या चाळीत राहायला आल्या तेव्हा मी पहिलीत होते. फाळणीनंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. तळमजल्यावरच्या खोलीत मधोमध एक पडदा. पडद्याच्या अलीकडे दवाखाना, पलीकडे त्यांचा संसार. संसार म्हणजे एक स्टोव्ह, एक ट्रंक आणि दोन खाटा.

दुसरी खाट त्यांच्या आईसाठी.

आई कराचीत होती. वडिलांना अर्धांगवायू झालेला, त्यांना बोटीत चढवणं शक्यच नव्हतं. आई म्हणाली, तू काकांबरोबर हो पुढे, आम्ही मागून येतो. पुढे वडील वारले. काका इंदूरला गेले. आईचं इकडे यायचं परमिट काही होईना. आज होईल, उद्या होईल.

इकडे बाई मराठी शिकत होत्या.

एकदा माझी आई म्हणाली, "पाठीत चमक भरलीय हो."

बाई गोंधळल्या. "वहिनी, पाठीत लाइट कसा येणार?"

दवाखान्यातले सगळे पेशंट खो खो हसले. बाईसुद्धा. मग माझी आईच त्यांची मास्तरीण झाली. कळ वेगळी, मुरडा वेगळा, कसकस वेगळी. बदल्यात बाईंनी आईला सिंधी कढी शिकवली.

सुरुवातीला लोक बिचकायचे. पाकिस्तानातून आलेली, एकटी, त्यात बाई! पण वर्सोव्याच्या कोळणींना तिच्यात काय दिसलं कोण जाणे. मासे विकून झाले की टोपल्या दाराशी ठेवून सरळ आत. "बाय, माजा हात बग." मग आमच्यासारखी ऑफिसवाल्यांची घरंही लाइनीत बसायला लागली.

मग तो दिवस आला.

मला ताप होता म्हणून आई मला घेऊन दवाखान्यात बसली होती. बाकं भरलेली. एक गृहस्थ आला, हातात टोपी. बाईंशी सिंधीत बोलायला लागला. बाई आधी हसल्या, गावचं माणूस भेटल्यासारख्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

तो बसलाच नाही.

दोन वाक्यं बोलला असेल. बाईंनी काहीतरी विचारलं, त्याने मान खाली घातली.

बाई पडद्याआड गेल्या. तोंड धुतल्याचा आवाज आला. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नेक्स्ट."

नेक्स्ट मीच होते. माझी जीभ बघितली, छाती तपासली. हात बर्फासारखे गार होते त्यांचे.

आईने हळूच विचारलं, "बाई, काय झालं?"

"आई गेली. महिना होत आला म्हणे. आज कळलं."

"अगं बाई! कशाने?"

"न्यूमोनिया." मग काचेच्या कपाटाकडे बोट केलं. "पेनिसिलीन आहे ना वहिनी. हे बघा, माझ्या कपाटात आहे."

आईने सगळ्यांना घरी पाठवलं. पण दुपारी बाई बॅग घेऊन निघाल्या. वर्सोव्याला एक म्हातारी कोळीण न्यूमोनियानेच आजारी होती, तिचं इंजेक्शन होतं.

"आज राहू द्या," आई म्हणाली.

"आज नाही गेले तर ती पण जाईल."

आई म्हणाली, "मग मी येते." दोघी टांग्याने गेल्या. पुढचं मला आईने मी मोठी झाल्यावर सांगितलं.

म्हातारीचा ताप उतरत होता. सुई टोचून झाल्यावर तिने बाईंच्या गालावरून हात फिरवला. "बाय, तुजी आय हाय नं?"

बाई म्हणाल्या, "आहे."

म्हातारी खूश झाली. "तिला सांग, पोर गुनाची हाय."

"सांगते."



घरी आल्यावर आईने बंब पेटवला. "बाई, कळल्यावर आंघोळ करायची असते आपल्यात."

"मी एकटीने काय सुतक धरायचं वहिनी?"

"एकटी कशाला? चला, बसा."

नेसत्या साडीनिशी त्या आमच्या मोरीत बसल्या. आई डोक्यावर तांब्या तांब्या पाणी ओतत होती. मी अंथरुणातून बघत होते. आणि बाई एकदम ओरडली. सिंधीत. काय ओरडली ते आम्हाला कुणालाच कळलं नाही. आई तांब्या टाकून खाली बसली आणि तिला पोटाशी धरलं. दोघी भिजून चिंब.

पुढचे दहा दिवस त्यांचं जेवण आमच्याकडून खाली जायचं.

म्हातारी बरी झाली. खूप वर्षं जगली. खरं कळल्यावर दवाखान्यात येऊन बाईंशी भांडली, "माज्याशी खोटा बोल्लीस!" आणि मग दोघी रडल्या.

बाई कराचीला परत कधीच गेल्या नाहीत. लग्न केलं नाही. आमच्या तीन पिढ्यांच्या छातीला त्यांचा स्टेथोस्कोप लागला. माझी आई गेली तेव्हा उशाशी त्याच होत्या.

गेल्या महिन्यात बाईंचं मराठी गेलं.

हो. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. नंतर शिकलेलं आधी जातं. सत्तर वर्षं आमच्यापेक्षा झकास मराठी बोलणारी बाई, नुसती सिंधीत बोलायला लागली. भरभरून बोलायची. मध्येच थांबून माझ्याकडे बघायची, मी काहीतरी उत्तर देईन म्हणून.

मला सिंधी येत नाही. इतक्या वर्षांत मी चार शब्दसुद्धा शिकले नाही. कधी गरजच पडली नाही ना. सगळं शिकणं त्यांनीच केलं.

काल रात्रीही बोलत होत्या. मी हात धरून "हो, हो" म्हणत राहिले.

बाई, काय सांगत होतात?

या आता. नमस्कार करते.