मार्गारेटचं औक्षण

मार्गारेट गेली. आज पहाटे, तिकडे ऑस्ट्रेलियात.

इतकी वर्षं ओळख, पण माझं कौतुक तिने एकदाही केलं नाही.

आखातातल्या फरीज बिन ओमरान भागात ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. शाळेत स्पोर्ट्स टीचर. बाकी आम्हाला काही माहीत नव्हतं.

एका वर्षी तिथल्या मराठी मंडळाने नवरे विरुद्ध बायका अशी क्रिकेट मॅच ठेवली. आम्ही बायका बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत प्रॅक्टिस करत होतो. बाल्कनीतून आरोळी आली, "एल्बो!"

आम्हाला वाटलं, कुणाला तरी लागलं.

दोन मिनिटांत ती खाली. स्लिपर्स घालून.

"हू टॉट यू टु बॅट?"

"यूट्यूब."

"खलास," म्हणाली.

मग दर शुक्रवारी पहाटे पाचला, ऊन तापायच्या आत, ती आम्हाला पळवायची.

तेव्हा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. खुर्ची टाकून बघत बसायच्या.

"ही बया माझ्या सुनंवर का खेकसतीया?"

मार्गारेटला शब्द नाही, पण सूर कळला. तिने सरळ आईंच्या हातात ग्लोव्हज दिले. "यू. बिहाइंड द स्टम्प्स."

आईंनी पदर खोचला. त्या दिवशी एकही बॉल मागे गेला नाही.

मॅचमध्ये तर त्यांनी पोटच्या पोराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समीरला, स्टम्प केलं.

"आई, पाय आत होता!"

"आऊट हैस. गप जा."

तरी आम्ही हरलो. मार्गारेट चार दिवस आमच्याशी बोलली नाही. शेवटी आईंनीच तिला चहाला बोलावलं.

समीरने सहज विचारलं, "डिड यू एव्हर प्ले?"

"अ बिट. फॉर ऑस्ट्रेलिया. वुई वन अ वर्ल्ड कप."

समीरचं बिस्किट चहात बुडलं ते बुडलंच.

ती सांगत गेली, मी आईंना मराठीत सांगत गेले. त्या मुली खेळायचे स्कर्ट घरीच शिवायच्या. नोकरीतून रजा काढून खेळायच्या. वर्ल्ड कप जिंकून ही कामावर गेली, तर बॉस म्हणाला, "सुट्टी छान गेली ना?"

आईंनी विचारलं, "जिकून आली तवा आनायला कोण आलं हुतं?"

"माय सिस्टर. शी केम लेट."

"अन् ओवाळलं कुनी?"

याचं इंग्रजी मला जमेना.

आई उठल्या. ताम्हनात निरांजन लावलं. मार्गारेटला कुंकू लावून ओवाळलं, हातावर साखर ठेवली. ती टीमच्या फोटोला बसावं तशी ताठ बसली होती.

मग चष्मा काढून पुसायला लागली. "स्मोक," म्हणाली.

तुपाचं निरांजन. धूर कसला?

आज तिच्या भाचीचा मेसेज आला. मी साताऱ्याला फोन केला.

आई म्हणाल्या, "लई कडक बाई. आमाला भल्या पहाटं उठवलं, पन खेळायला लावलं."

मार्गारेट, सुखाने जा. आम्हा सगळ्याजणींचा तुला शेवटचा नमस्कार.