न पडलेला कौल

माझी मुलगी मेघना अकरावीत गेली आणि घरात बोलायचीच बंद झाली. महाडला आमचं बिऱ्हाड, यजमान कोर्टात नोकरीला. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचं काम लहानपणापासून तिचं. ती न सांगता लावायची आणि वर मला चिडवायची, की आई, तुझ्या आधी माझी हजेरी लागली. कॉलेज सुरू झालं आणि तिला तीन-चार मैत्रिणी मिळाल्या, चांगल्या घरच्या, टापटीप, बोलण्यात पटाईत. त्यानंतर दिव्याची आठवण केली की म्हणे, "आता कोण करतं गं हे सगळं?" एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. वयच तसं असतं. पण दिवाळीच्या आधीपासून ती जेवेना. ताटावर बसायची, भात चिवडायची, उठायची. विचारलं तर अंगावर यायची. रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. मैत्रिणींचं नाव काढलं की तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. आईला आपलं लेकरू कळत नाही, यासारखं दुःख नाही. मी रात्रंदिवस जप करत होते, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत देव ऐकतो आहे असं मला वाटत नव्हतं.

यजमानांचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथल्या देवीचा कौल आमच्या घरात फार मानतात. दिवाळीनंतर मी ठरवलं, मेघनाला घेऊन जायचं आणि देवीला विचारायचं. यजमान म्हणाले, "कॉलेजातल्या पोरीचं गाऱ्हाणं देवीपुढे काय घालतेस?" मी ऐकलं नाही. मेघना मात्र वाद न घालता निघाली, याचंच मला नवल वाटलं. एसटीत ती खिडकीशी बसून होती. बाहेर कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. माणसं घाईघाईने भारे उचलत होती. पोलादपूरहून पुढे गाडी बदलून आम्ही देवळात पोचलो, तोवर बारीक पाऊस लागला होता.

आमच्याकडे गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळी पडल्याशिवाय उठायचं नाही, ही रीत. मी गुरवाला सांगितलं, "पोरीची ती संगत सुटू दे, एवढंच मागा." त्याने तसं मागितलं. मेघना मागे खांबाला टेकून बसली होती. आम्ही वाट पाहत राहिलो. उजवी पडेना, डावीही पडेना. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. परतीची गाडी निघून गेल्याचा आवाज खालच्या रस्त्यावरून आला, तरी कळ्या जशाच्या तशा. मला रडू यायला लागलं. देवीनेही तोंड फिरवलं असं वाटलं. माझं काय चुकलं, ते तरी सांग, असं मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात एक बाई आली. वरच्या वाडीतली असावी. डोक्यावर इरलं, पाय चिखलाने भरलेले, हातात नारळ. आमचा कौल अडकलेला पाहून ती बिचारी कोपऱ्यात बसली. गुरव तिला म्हणाला, "यांचा देवीकडं लागलाय. तुझा भैरीकडं लावतो." देवीच्या शेजारी भैरीदेवाची मूर्ती आहे. तिने हळू आवाजात गुरवाला काहीतरी सांगितलं. गुरवाने कळ्या लावल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा भैरी, हिच्या लेकीचं, सुनंदाचं नाव महाडात वाईट झालंय. पोर कॉलेजला हाय. लोक म्हणतात, दासगावला नदीवर कुणा पोराबरोबर दिसली. बाप मुंबईवरून सांगतो, शाळा सोडव, लगीन लाव. पोर म्हणते, मी नाय ती. पोर खरी असेल तर उजवी दे. खोटी असेल तर डावी दे."

माझ्या मागे काहीतरी हललं. मेघना उठून उभी राहिली होती. माझ्या शेजारून ती पुढे गेली आणि त्या बाईच्या समोर जाऊन खाली बसली.

"काकी, देवाला नका विचारू. मी सांगते. सुनंदा नव्हती तिथे. आमच्यातली एक होती. तिच्यावर आलं म्हणून आम्ही सुनंदाचं नाव घेतलं. वर्गाच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी पण मान हलवली."

ती बाई माझ्या मुलीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मुस्काटात मारणार. मारली असती तर मी काही म्हटलं नसतं.

"तू कोण गो?"

"तिच्या वर्गातली."

"मग ती रडत होती तवा तू कुठं होतीस?"

मेघना तिथेच हमसून हमसून रडायला लागली. मी उठले नाही. तिला जवळ घ्यावं असं आतून होत होतं, पण ते रडणं तिचं होतं. बाईने पदराने तोंड पुसलं आणि गुरवाला म्हणाली, "काढा कळ्या. मला कळलं." मेघना म्हणाली, "मी कॉलेजात सांगेन, सगळ्यांसमोर." त्यावर ती एवढंच म्हणाली, "सांग, नायतर नको सांगू. मी माझ्या पोरीला जाऊन सांगते, ती खरी हाय." इरलं डोक्यावर घेऊन ती पावसात निघून गेली. नारळ देवापुढेच राहिला.

आमची कळी वेळेवर पडली असती तर आम्ही कधीच गाडीत बसून निघालो असतो. आणि भैरीची डावी कळी पडली असती तर एका निरपराध मुलीचं आयुष्य तिथेच संपलं असतं. कळी ओलाव्याने चिकटून राहते, असं म्हणणारे म्हणतील. मी वाद घालत नाही.

गुरवाने मला विचारलं, "तुमचा कौल राहिला की." मी म्हटलं, "राहू दे."

मेघनाने कॉलेजात सगळं सांगितलं. मैत्रिणी सुटल्या, मी मागितलं होतं तसंच. पण बारावी होईपर्यंत माझी मुलगी एकटी बाकावर बसली, एकटीने डबा खाल्ला. सुनंदा परत कॉलेजला आली. ती मेघनाशी कधी बोलली नाही, आणि तिने बोलावं असं मेघनानेही कधी म्हटलं नाही. त्या काळात पोरीला पाहून माझा जीव तुटायचा. संध्याकाळी मात्र कधीतरी देवघरात दिवा लागलेला दिसायचा. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आता ती आपल्या संसारात आहे. मी अजून त्या देवळात जाते, पण कौल लावत नाही. आपल्या लेकरासाठी काय मागावं हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं, आजही कळत नाही. हात जोडते आणि एवढंच म्हणते, बाई गं, मला आता घाई नाही. माझं लेकरू चुकलं की त्याला असंच तुझ्यासमोर बसवून ठेव.